मेरिओनेथचा आवाज: एक ग्रामीण वेल्श मतदारसंघ आणि लंडनची संसद

ब्रिटिश संसदेचा इतिहास आपण बहुतेक वेळा लंडनच्या बाजूने वाचतो. ग्लॅडस्टन काय म्हणाले, डिझरायलींनी काय केले, सरकार कधी पडले, असा. आज आपण उलट बाजूने बघणार आहोत. वायव्य वेल्समध्ये मेरिओनेथ नावाचा एक परगणा होता. डोंगराळ मुलूख, मेंढ्या, पाटीच्या दगडाच्या खाणी, आणि अधूनमधून बालासारखी बाजारगावे. संसदेत या परगण्याचा एकच खासदार. इथल्या लोकांचे गाऱ्हाणे लंडनच्या सभागृहात पोचायचे, तेव्हा त्याचे नेमके काय व्हायचे? हा आजचा प्रश्न. त्यासाठी आपण दोन खासदार घेऊ. एक टॉम एलिस, १८८६ सालचे. दुसरे टी. डब्ल्यू. जोन्स, १९५७ सालचे. दोघांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे, पण मतदारसंघ तोच, आणि गंमत म्हणजे दोघांच्या गोष्टी बाला गावाच्या आसपासच्या काही मैलांतच घडतात.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल. १८५९ साली इथे निवडणूक झाली. तेव्हा गुप्त मतदान नव्हते. मतदाराने उभे राहून, सर्वांसमोर, आपले मत कोणाला ते सांगायचे. ऐकणाऱ्यांमध्ये जमीनदाराचा कारभारी असायचा. आता मेरिओनेथमधले शेतकरी कोण होते? बहुतेक सगळे कुळे. जमीन दुसऱ्याची, करार वर्षावर्षाचा. जमीनदार इंग्रजी बोलणारा, अधिकृत चर्चमध्ये जाणारा आणि टोरी पक्षाचा. कूळ वेल्श बोलणारे, स्वतंत्र चॅपलमध्ये प्रार्थना करणारे आणि मनाने लिबरल. त्या निवडणुकीत लिबरल उमेदवार डेव्हिड विल्यम्स थोडक्यात हरले. त्यानंतर रिऊलास आणि विनस्टे या इस्टेटींवरच्या काही कुळांना जमीन सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी धन्याच्या मर्जीप्रमाणे मत दिले नाही.

या घटनेतून दोन वाटा फुटल्या, आणि त्या दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बालाच्या एका धर्मविद्यालयाचे प्रमुख होते मायकेल डी. जोन्स. ज्यांची जमीन गेली त्यांत त्यांची आईही होती. त्यांचे म्हणणे असे झाले, की या देशात वेल्श माणसाला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या जमिनीवर जगता येणार नसेल तर दुसरीकडे जावे. १८६५ साली सुमारे दीडशे माणसे ‘मिमोसा’ नावाच्या जहाजातून दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाला निघाली. त्यांच्यामागची मोठी प्रेरणा मायकेल जोन्स यांची होती. जहाज निघाले ते लिव्हरपूलच्या बंदरातून. हे लिव्हरपूल नाव आज आपल्याला परत भेटणार आहे.

ही झाली निघून जाण्याची वाट. दुसरी वाट होती राहून बोलण्याची. १८६८ च्या निवडणुकीत वेल्समधून लिबरल खासदार मोठ्या संख्येने निवडून आले, मेरिओनेथही लिबरलांकडे गेले, आणि कार्डिगन व कारमार्थनच्या भागात पुन्हा कुळांची हकालपट्टी झाली. या वेळी फरक असा, की ही गोष्ट गावातल्या गावात जिरली नाही. मर्थर टिडफिलचे खासदार हेन्री रिचर्ड यांनी १८६९ मध्ये ती थेट सभागृहात मांडली. कोणत्या जमीनदारांनी काय केले याची चर्चा देशाच्या संसदेत झाली. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा आला. एकट्या वेल्समुळे तो आला असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण वेल्श कुळांची उदाहरणे त्या वादात वापरली गेली, हे नक्की. गावातले दुःख संसदेत पोचले की त्याचा पुरावा होतो. ही गोष्ट वेल्सने या काळात शिकून घेतली.

आता टॉम एलिस. जन्म १८५९, म्हणजे नेमके त्या हकालपट्टीच्या वर्षी. वडील बालाजवळच्या एका शेतावरचे कूळ. मुलगा बालाच्या शाळेत, मग अबेरिस्टविथच्या नव्या कॉलेजात, तिथून ऑक्सफर्डला गेला. १८८६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मेरिओनेथचा खासदार झाला. यात मोठे ते काय, असे वाटेल. पण त्या काळात खासदाराला पगार नव्हता. तो सुरू झाला १९११ साली. त्यामुळे संसदेत जायचे तर घरची मिळकत हवी, नाहीतर कोणाचा तरी आधार हवा. कुळाचा मुलगा संसदेत बसतो, ही गोष्टच नवी होती. आणि तो निवडून येऊ शकला कारण १८८४ च्या सुधारणेने खेड्यातल्या मजुरांना आणि खाणकामगारांना मोठ्या प्रमाणावर मताधिकार मिळाला होता.

मेरिओनेथमधल्या बहुसंख्य लोकांना तेव्हा फक्त वेल्श येत होती. संसदेचे कामकाज मात्र पूर्ण इंग्रजीत. म्हणजे खासदाराचे पहिले काम दुभाष्याचे. पण नुसती भाषा बदलून भागत नव्हते. बालाचा शेतकरी म्हणणार, ‘यंदा भाडे झेपत नाही आणि वर पाद्र्याला दशांश द्यायचा.’ सभागृहाला हे असे समजत नाही. सभागृहाला लागते विधेयक, दुरुस्ती, ठराव, आकडे. गाऱ्हाण्याचे मागणीत आणि मागणीचे कलमात रूपांतर करणे, हे एलिस यांचे खरे कौशल्य होते.

दशांशाची भानगड काय होती, ते थोडक्यात सांगतो. शेतीच्या उत्पन्नाचा एक भाग अधिकृत चर्चला द्यायचा, अशी ती जुनी पद्धत. १८३६ पासून तो धान्याऐवजी पैशात घेतला जाऊ लागला. १८८० च्या दशकात शेतमालाचे भाव पडले. हातात पैसा नाही, आणि ज्या चर्चमध्ये आपण पाऊल टाकत नाही त्या चर्चला पैसे द्यायचे! शेतकऱ्यांनी नकार दिला. मग जप्ती आली, लिलाव आले, पोलीस आले. मेरिओनेथच्या शेजारी डेन्बीशरमध्ये १८८७ साली लँगुम आणि मोखद्रे इथे जमाव आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. सरकारने शेवटी १८९१ मध्ये कायदा करून दशांश भरण्याची जबाबदारी कुळावरून काढून जमीनमालकावर टाकली. गाऱ्हाणे मिटले का? नाही. मालक तो भाड्यात घालून वसूल करू शकत होता. पण दारात येणारा जप्तीवाला थांबला.

एलिस आणि त्यांचे सहकारी यांना खरे यश मिळाले ते शिक्षणात. १८८९ चा वेल्श माध्यमिक शिक्षण कायदा. विधेयक मांडले स्टुअर्ट रेंडेल यांनी, आणि ते तडीस नेण्यात एलिस यांचा मोठा वाटा होता. या कायद्याची रचना बघा. प्रत्येक परगण्याने घरपट्टीवर पौंडामागे अर्धा पेनी जादा कर बसवायचा, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारी तिजोरीने घालायची. म्हणजे लोकांनी स्वतः हात घातला तरच सरकार हात घालणार. शाळांची योजना आखणार कोण, तर त्या त्या परगण्याची समिती. गरीब मुलुखाने हा कर खुशीने मान्य केला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत वेल्समध्ये अशा शाळांची संख्या नव्वदच्या घरात गेली. इंग्लंडला अशी व्यवस्था मिळायला १९०२ उजाडावे लागले.

जमिनीच्या प्रश्नाचे काय झाले? इथे आपण जरा थांबू, कारण एलिस यांची सगळ्यात मोठी धडपड हीच. १८९२ च्या मार्चमध्ये त्यांनी जमीनधारणेचे विधेयक मांडले. मागण्या तीन: कुळाला जमिनीवर कायमपणाची हमी, वाजवी भाडे ठरवणारे न्यायालय, आणि कुळाने जमिनीत केलेल्या सुधारणांची भरपाई. विधेयक पडले. पण त्या चर्चेत ग्लॅडस्टन बोलायला उभे राहिले, आणि वेल्समधल्या जमिनीच्या प्रश्नाची चौकशी झाली पाहिजे ही गोष्ट त्यांनी उचलून धरली. काही महिन्यांत ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले, आणि १८९३ मध्ये लॉर्ड कॅरिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली वेल्सच्या जमिनीसाठी शाही आयोग नेमला गेला.

या आयोगाने काय केले, तर तो गावोगावी फिरला. शेतकऱ्यांनी साक्षी दिल्या, त्या इंग्रजीत आणि वेल्शमध्येसुद्धा. आपल्या भाड्याची, आपल्या बांधाची, आपल्या बापाला आलेल्या नोटिशीची हकीकत माणसे सरकारी आयोगासमोर सांगू लागली. त्या साक्षींचे जाडजूड खंड छापले गेले. आज वेल्सच्या ग्रामीण जीवनाचा अभ्यास करणारा कोणीही त्या खंडांशिवाय पुढे जाऊ शकत नाही. पण अहवाल पुरा झाला १८९६ मध्ये, आणि लिबरल सरकार पडले होते १८९५ मध्ये. नव्या सरकारला त्यात रस नव्हता. कायदा झालाच नाही. तीन वर्षे लोक बोलले, सरकारने ऐकून लिहून घेतले, आणि कपाट बंद झाले.

आणि दरम्यान खुद्द एलिस कुठे होते? १८९२ मध्ये त्यांनी सरकारात व्हिपचे पद घेतले होते, आणि १८९४ मध्ये ते मुख्य व्हिप झाले. मोठा मान होता. पगारी पदही होते. पण व्हिपचे काम म्हणजे आपल्या पक्षाची माणसे मतदानाला हजर ठेवणे, आणि व्हिपने सभागृहात भाषण करायचे नाही असा संकेत. ज्या माणसाला मेरिओनेथने बोलायला पाठवले होते, तो आता पदामुळे गप्प बसला. त्याच १८९४ साली लॉइड जॉर्ज आणि आणखी तीन वेल्श खासदारांनी, सरकार वेल्सच्या चर्चचा प्रश्न मागे ढकलते म्हणून, पक्षाचा आदेश झुगारला. हा आदेश पाळून घेण्याची जबाबदारी कोणाची? टॉम एलिस यांची. त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. आपण एकदम निकाल देऊ नये. आत बसून काम करून घेता येते, असे मानणारी माणसे प्रामाणिक असू शकतात, आणि आयोग नेमला गेला तो हे आत असतानाच. पण किंमत पडली, हे खरे. १८९९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या कान इथे त्यांचे निधन झाले. बालाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडता येतो. १८९२ च्या त्याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून लिबरल पक्षातर्फे निवडून आले. म्हणजे एलिस व्हिप होते तेव्हा दादाभाई त्याच बाकांवर होते. १८९३ च्या जूनमध्ये, सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव सभागृहात सरकारच्या मनाविरुद्ध मंजूर झाला. आणि सरकारने तो अमलात आणला नाही. दादाभाईंना तर मतदारसंघ एक आणि ज्यांच्यासाठी बोलायचे ते लोक दुसरे, अशी अवघड कसरत होती. पण अनुभव तोच. सभागृहाने ऐकणे ही एक गोष्ट आहे, आणि सरकारने करणे ही दुसरी.

आता सत्तर वर्षे पुढे येऊ. मेरिओनेथमध्ये १९५१ पासून मजूर पक्षाचे टी. डब्ल्यू. जोन्स खासदार होते. पूर्वी स्वतः खाणकामगार, वेल्श बोलणारे. बालापासून काही मैलांवर त्रवेरिन नावाची नदी, आणि तिच्या खोऱ्यात कापेल केलिन हे गाव. चॅपल, शाळा, टपाल कचेरी, दफनभूमी आणि शेतघरे. सगळे व्यवहार वेल्शमध्ये. १९५५ च्या डिसेंबरमध्ये लोकांना कळले, की लिव्हरपूल महापालिका इथे धरण बांधणार आणि गाव पाण्याखाली जाणार.

लिव्हरपूलची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. साडेसात लाखांहून जास्त वस्तीचे शहर, महायुद्धात बॉम्बफेकीने पोळलेले, जुन्या चाळी पाडून नवी घरे बांधायची होती, कारखान्यांना पाणी हवे होते. महापालिकेत सत्ता मजूर पक्षाची होती. म्हणजे एका बाजूला कामगारांची घरे आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचे गाव, आणि जोन्स यांना स्वतःच्याच पक्षाच्या लोकांविरुद्ध उभे राहायचे होते.

आता यातली कायदेशीर खुबी बघा. आपल्याकडे ‘खासगी विधेयक’ म्हटले की सरकारात नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, असे आपण समजतो. इथे अर्थ वेगळा. ब्रिटनमध्ये एखादी महापालिका किंवा कंपनी स्वतःपुरता कायदा संसदेकडून करून घेऊ शकते. लिव्हरपूलने तेच केले. त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक नियोजन यंत्रणेची परवानगी घेण्याची गरजच उरली नाही. मेरिओनेथच्या परगणा परिषदेला विचारायचे कारण नाही, बालाला विचारायचे कारण नाही. थेट लंडन.

गावकऱ्यांनी संरक्षण समिती काढली. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळे गाव, लेकराबाळांसह, फलक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून चालत गेले. विधेयक पुढे सरकतच राहिले. १९५७ च्या जुलैमध्ये ते कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला आले. जोन्स विरोधात उभे राहिले. वेल्सचे तेव्हा ३६ खासदार होते, तीन पक्षांचे. त्यांतल्या एकानेही विधेयकाच्या बाजूने मत दिले नाही. तरीही ते १६६ विरुद्ध ११७ मतांनी पुढे गेले. वेल्सच्या कारभाराचे मंत्री हेन्री ब्रुक यांनी पाठिंबा दिला. हे ब्रुक कुठले खासदार होते? लंडनच्या हॅम्पस्टेडचे. १ ऑगस्ट १९५७ रोजी विधेयकाचा कायदा झाला.

तेव्हा जोन्स यांच्याकडे कमी काय पडले? त्यांचा मुद्दा मांडला गेला, ऐकला गेला, नोंदवला गेला. त्यांच्या मुलुखातल्या एकाही प्रतिनिधीने त्यांच्याविरुद्ध मत दिले नव्हते. कमी पडले ते फक्त गणित. सहाशेहून जास्त सदस्यांच्या सभागृहात ३६ जण म्हणजे कायमचे अल्पमत. एलिस यांना १८९० मध्येच हे दिसले होते. त्या वर्षी बालामधल्या भाषणात त्यांनी वेल्ससाठी स्वतंत्र विधिमंडळाची मागणी केली होती. तेव्हा ती पुष्कळांना स्वप्नाळू वाटली. १९५७ च्या मतदानाने तिच्यामागचा हिशेब सगळ्यांना उघड दाखवला.

पुढचे आपल्याला माहीत आहे. १९६३ मध्ये शाळा बंद झाली, त्याच सप्टेंबरमध्ये चॅपलमधली शेवटची प्रार्थना झाली. ६७ माणसांच्या वस्तीतली ४८ माणसे बेघर झाली. सुमारे ८०० एकर जमीन पाण्याखाली गेली. ऑक्टोबर १९६५ मध्ये धरणाच्या उद्घाटनाचा समारंभ निदर्शकांच्या गदारोळात काही मिनिटांतच आटोपावा लागला.

आता एक सोपी गोष्ट सांगण्याचा मोह होतो: गाव बुडाले, लोक जागे झाले, आणि वेल्सला स्वतःचे सरकार मिळाले. इतिहास एवढा सरळ चालत नाही. १९५९ मध्ये, सगळा वाद ताजा असताना, वेल्श राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कमरीचे नेते ग्विन्वोर एव्हान्स याच मेरिओनेथमधून उभे राहिले आणि हरले. लोकांनी पुन्हा जोन्स यांनाच निवडले. आपला खासदार लढला, हरला, पण आपल्या बाजूने होता, एवढे मतदार ओळखून होते. एव्हान्स जिंकले ते १९६६ मध्ये, शेजारी मेरिओनेथमध्ये नव्हे तर दक्षिणेकडच्या कारमार्थनमध्ये, पोटनिवडणुकीत. मेरिओनेथमध्ये त्यांच्या पक्षाला जागा मिळायला फेब्रुवारी १९७४ उजाडले.

तरी काही गोष्टी बदलल्या, हेही तितकेच खरे. १९६४ मध्ये वेल्ससाठी मंत्रिमंडळात स्वतंत्र मंत्रिपद झाले, आणि पहिले मंत्री जिम ग्रिफिथ्स हे लानेलीचे, म्हणजे वेल्समधलेच खासदार. एव्हान्स एकटेच खासदार होते, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारण्याचे हत्यार उपसले. ‘वेल्समध्ये अमुक किती? तमुकचा वेल्सपुरता आकडा काय?’ कित्येकदा उत्तर यायचे, की वेल्सचा वेगळा आकडा ठेवलेला नाही. हेच उत्तर त्यांना हवे असायचे. जो मुलूख मोजलाच जात नाही त्याची काळजी कशी घेतली जाणार, हे त्यातून आपोआप दिसायचे. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेने त्रवेरिनच्या लोकांची जाहीर माफी मागितली. १९९९ पासून कार्डिफमध्ये वेल्सची स्वतःची निवडून आलेली सभा बसते. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या रस्त्यालगत, एका पडक्या भिंतीवर, ‘त्रवेरिन विसरू नका’ अशा अर्थाची वेल्श अक्षरे आजही रंगवलेली आहेत. कोणी ती खराब केली की दुसरे कोणीतरी येऊन पुन्हा रंगवते.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे काय? मेरिओनेथच्या या दोन खासदारांकडून आपण तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला शिकू शकतो. मांडले जाणे, ऐकले जाणे आणि घडणे. १८५९ च्या कुळाचे गाऱ्हाणे मांडलेच गेले नव्हते. एलिस यांच्या काळात ते मांडले गेले आणि आयोगाने ऐकलेही, पण जमिनीबाबत कायदा घडला नाही. शाळांबाबत घडला, कारण तिथे लोकांचा स्वतःचा पैसा आणि स्वतःची समिती होती. जोन्स यांच्या वेळी मांडले गेले, ऐकले गेले, आणि जे घडले ते नेमके उलटे. ‘आमचा खासदार बोलला’ एवढ्यावर समाधान मानायचे की नाही, हे या तिसऱ्या पायरीवर ठरते. निर्णय जिथे होतो तिथे आपल्या माणसांचे वजन किती, हे कधीतरी विचारावेच लागते.

पण बोलण्याला काहीच अर्थ नव्हता, असेही आपण म्हणू शकत नाही. कापेल केलिनच्या माणसांची घरे परत आली नाहीत, येणारही नव्हती. मात्र त्यांचे म्हणणे त्या जुलैच्या चर्चेच्या छापील वृत्तांतात आहे, त्यांच्या खासदाराच्या तोंडून. ते बोलले गेले नसते, तर २००५ मध्ये माफी कशाबद्दल मागायची हेही कोणाला सांगता आले नसते.

आज इथेच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.